पिऊ दे पोटभर

"मावशी, तुमची शेरडं ओरडत कशी नाहीत?"

जीपमधून उतरल्या उतरल्या मी हेच विचारलं. वस्तीवर गाडी थांबली की आधी शेरडं गलका करतात, मग कुत्री, मग माणसं. इथं एकतीस शेरडं जाळीच्या वाघरात उभी होती आणि एकाचाही आवाज नव्हता. माना खाली. करडं आयांच्या पोटाखाली बसलेली, पण लुचत नव्हती.

"वरडाया घशाला वल पायजे का न्हाई?" झुंबरबाई म्हणाली.

त्याला आता बारा वर्षं झाली. दुष्काळाचं दुसरं वर्ष, मे महिना. मी सत्तावीस वर्षांची होते आणि माणदेशातल्या त्या तालुक्यात जनावरांची डॉक्टर म्हणून रुजू होऊन सातच महिने झाले होते. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचत वस्त्या पालथ्या घालायचं काम चाललं होतं. बरोबर दवाखान्यातले ड्रेसर पवारमामा. त्यांची नोकरी माझ्या वयापेक्षा मोठी. तालुक्यातली प्रत्येक वस्ती, तिथलं प्रत्येक भांडण त्यांना पाठ होतं.

झुंबरबाई मेटकरी पन्नाशीची असेल. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. एकुलता मुलगा गलाईच्या कामाला, सोनं-चांदी गाळायला, कोइमतूरकडे गेलेला. मागे ही आणि ही शेरडं.

मी एका पाठीच्या, म्हणजे तरण्या शेळीच्या, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. डोळे आत गेलेले, हिरड्या कोरड्या.

"पाणी कधी पाजलं होतं?"

"चार दिस झालं. टँकर बंद हाय. गिअर का काय मोडलाय म्हनं. मानसाला कळशी-कळशी डोक्यावरनं आनतुया दोन कोसावरनं. भांडी धुतलेलं पानी हुतं ते करडास्नी दिलं."

"चारा-छावणीत का नाही नेली?"

पवारमामाच उत्तरले. "छावणीत मोठीच जनावरं घेतात मॅडम. गाई, म्हशी, बैल. शेरडाला दावण नाही."

आज लस देण्यात अर्थ नव्हता. मी डबा परत जीपमध्ये ठेवला, आणि तेव्हा ओढ्यापलीकडे मला निळं काहीतरी चमकताना दिसलं. डाळिंबाच्या बागेच्या वरच्या अंगाला शेततळं होतं. उन्हात पाण्यावर तिरीप पडली होती. तळाशी का होईना, पाणी होतं.

"ते कुणाचं?"

झुंबरबाईनं तिकडं पाहिलंही नाही. "हाय एकाचं."

जीपकडे चालताना पवारमामा हळू आवाजात म्हणाले, "तिच्या पाठच्या भावाचं आहे. सिदा गळवे. सहा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. हिला आपल्या पोरासाठी त्याची पोरगी करायची होती. हक्काचीच म्हणा, मामाची मुलगी. त्यानं दिली मिलिटरीतल्या मुलाला. लग्नाला ही गेली नाही. पोरगा लाजेनं परमुलुखात निघून गेला. झालं."

मला त्यात काही मोठं वाटलं नाही. वय तसं होतं. सहा वर्षांचं भांडण एका सकाळीत मिटवता येईल असं वाटण्याचं वय. मी म्हटलं, "चला, त्यांच्याकडे जाऊ."

सिदातात्या बागेत ठिबकच्या नळ्या तपासत होता. उंच, वाळकुडा माणूस, डोक्याला मळका पटका. मी कशासाठी आले ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आक्कानं धाडलंय तुमास्नी?"

"नाही. मी माझी आले."

"वाटलंच. ती मरंल, पन धाडायची न्हाई." तो नळीचं टोक पुसत राहिला. "पानी हाय थोडं. वीस दिस झाडं जगतील एवढं. म्या न्हाई कशाला म्हनीन? रोज बघतुया की हितनं. तिची शेरडं म्हंजे आमच्या बापाच्या कळपातलीच पैदास हाय. पन तिनं एक डाव हाक मारावी. नुसतं सिदा म्हनावं. मला बाकी काय नगं."

परत ओढा ओलांडून मी झुंबरबाईकडे गेले. ती नाही म्हणाली. मी बसले तिच्यापुढे आणि करडं दाखवली. म्हटलं, "मावशी, ही उद्या सकाळपर्यंत राहणार नाहीत. तुमचा मान मोठा का ही?" आज आठवलं की ते बोलणं मला फार आगाऊ वाटतं. पण तिनं पदर कमरेला खोचला, जाळी उचलली आणि शेरडं पुढे घातली.

बागेच्या कुंपणाशी ती थांबली. पलीकडे तो उभा होता. बराच वेळ दोघंही जमिनीकडे बघत होती.

"सिदा," ती म्हणाली.

"ये आक्का."

एवढंच. पवारमामांनी तोंड फिरवून टोपीनं डोळे पुसले. मलाही भरून आलं होतं, आणि त्याखाली, खरं सांगायचं तर, स्वतःचं कौतुक वाटत होतं.

तळ्याखाली सिमेंटचा हौद होता. सिदातात्यानं पाइपाचा कॉक फिरवला. पाण्याचा आवाज झाला आणि इतका वेळ मुकी असलेली शेरडं एकदम ओरडली. एकमेकींच्या अंगावर चढून ती हौदाला भिडली. करडं आयांच्या पायांतून मुंडकी घालून पिऊ लागली. मिनिटभर झालं असेल, तर सिदातात्यानं कॉक बंद केला आणि काठी आडवी धरली.

"बास. आता घटकाभर थांबा. मग परत द्यायचं."

"का?" मी विचारलं.

"तान्हेल्या शेरडाला एकदम पाजू न्हाई. थोडं थोडं द्यावं. बापू आमचा तसंच करायचा. जित्राबाला बाधतंय."

झुंबरबाईचा चेहरा उतरला. "बाधतंय म्हनं!" ती माझ्याकडे वळून म्हणाली. "बघितलं का बाई? पान्याची भांडीबी मोजूनच घालनार ह्यो. भैनीच्या शेरडाला घोट घोट."

"आक्का, तसं न्हाई ग–"

शेरडं काठीला धडका देत होती. एक म्हातारी शेळी हौदाची ओली कड चाटत होती. मी पुढे झाले. मी डॉक्टर होते, मोठी पदवी घेतलेली, आणि समोर एक माणूस बापाची ऐकीव गोष्ट सांगत होता. चार दिवस तहानलेल्या जनावराला पाणी तोडायचं, हे मला क्रूर वाटलं.

"तात्या, ते जुनं झालं. पाण्यानं कुणाला काही होत नाही. कॉक सोडा. पिऊ दे पोटभर."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. सहा वर्षांनी आलेली बहीण. त्यानं काठी खाली ठेवली आणि कॉक पूर्ण उघडला.

शेरडं प्यायली. पोटं नगाऱ्यासारखी होईपर्यंत प्यायली, बाजूला झाली आणि परत येऊन प्यायली. तोवर सिदातात्याच्या बायकोनं चहा केला. झुंबरबाई भावाच्या पडवीत बसून बशीतून चहा प्यायली. भावजयीनं तिच्या केसातली काडी काढली, आणि तिनं काढू दिली. आम्ही निघालो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पवारमामा जीपमध्ये म्हणाले, "मॅडम, आज पुण्याचं काम झालं तुमच्या हातून."

पुढच्या गावात लसीकरण चालू असतानाच, तीनच्या सुमाराला, मोटारसायकलवर एक जण धुरळा उडवत आला. "सिदाच्या बागंत चला. आक्काची शेरडं पडाय लागल्यात."

आम्ही पोचलो तेव्हा वस्तीवरची पंचवीस-तीस माणसं जमली होती. बागेतल्या सावलीत शेरडं लोळत होती. दोन करडं गेली होती. बाकीची पाय झाडत होती, माना पाठीकडे वळत होत्या. जी उभी होती ती थरथरत होती. माझ्या समोर एका शेळीनं लघवी केली. कोऱ्या चहासारखी, मग लाल, गडद लाल.

"बाई, रगात मुततायत," झुंबरबाई माझा दंड धरून म्हणाली. "काय झालं वो हे?"

लाल लघवी म्हटल्यावर गोचीडताप आठवला. पण गोचीडताप तीन तासांत तीस जनावरांना लागत नाही. एका वेळी, एकाच जागी, इतकी जनावरं पडतात ती विषानं. बागेच्या कडेला फवारणीची रिकामी पिंपं पडलेली मला दिसली. आणि मी, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं विचारलं, "तात्या, तळ्यापाशी फवारणीचं औषध कालवलं होतं का?"

माणसं त्याच्याकडे वळली.

"कालवलं हुतं," तो म्हणाला. "पन आठ दिसामागं. आन खालच्या अंगाला, बांधाला. तळ्यात कसं जाईल बाई?"

मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मला घाई होती. पवारमामांना विषावरच्या सुया भरायला सांगितल्या, झुंबरबाईला म्हटलं, "मावशी, पाणी पाजा. बाटलीनं पाजा. विष पातळ होऊन निघून जाऊ दे."

ती धावली. दारूच्या रिकाम्या बाटल्या कुणी आणून दिल्या, त्यांत हौदाचं नको म्हणून कळशीचं पाणी भरलं. माणसाला प्यायला आणलेलं पाणी. तिनं एकेक शेळी मांडीत घेतली, जबडा धरला आणि पाजलं. शेरडं तोंड फिरवत होती. ती "पी ग माझे बाय, पी" म्हणत पाजत होती. ज्यांना पाजलं त्या आधी गेल्या.

पाच वाजेपर्यंत सगळी नऊ करडं आणि अकरा शेळ्या मेल्या. माझ्याजवळचं औषध संपलं होतं. तपासणीसाठी मी तीन शेळ्यांचं रक्त नळ्यांत घेऊन जीपच्या बॉनेटवर उभं करून ठेवलं होतं. त्या उचलून डब्यात ठेवायला गेले.

रक्त गोठलं होतं. गोठून खाली गाठ बसली होती आणि वर पाणी सुटलं होतं. ते पाणी पिवळसर, स्वच्छ असायला हवं. तिन्ही नळ्यांत ते लाल होतं. डाळिंबाच्या रसासारखं पारदर्शक लाल.

ते लाल मी दोन वर्षं रोज पाहिलं होतं. माझा पदव्युत्तर प्रबंधच त्याच्यावर होता: शेळीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी किती नाजूक असतात. सकाळी कॉलेजच्या गोठ्यात जायचं, शेळीच्या मानेतून रक्त काढायचं. मांडणीवर पंधरा नळ्या. पहिलीत रक्ताइतकं खारट पाणी, पुढे प्रत्येकीत मीठ कमी कमी, शेवटच्या नळीत नुसतं पाणी. प्रत्येकीत रक्ताचा एक थेंब. अर्ध्या तासानं बघायचं. पेशी म्हणजे इवली पिशवी; भोवतालचं पाणी पुरेसं खारट असेल तोवर ती टिकते. मीठ कमी झालं की पाणी आत शिरतं, पेशी फुगते, फुटते आणि नळी लाल होते. गाईची पेशी जिथं तग धरते तिथं शेळीची कधीच फुटलेली असते. पाळीव जनावरांत सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत नाजूक. मी त्याचे आलेख काढले होते. एकशे बारा पानं लिहिली होती. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं होतं, "हे सगळं ठीक आहे, कुलथे. पण याचा शेळी पाळणाऱ्या बाईला उपयोग काय?" मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं होतं.

चार दिवस तहानलेली शेळी. रिकामं कोरडं पोट. त्यात एकदम हौदभर गोडं पाणी. ते सगळं रक्तात उतरलं, रक्त पातळ झालं आणि पेशी फुटल्या. लघवीतून उतरत होतं ते विष नव्हतं. पाण्यात काहीच नव्हतं. पाणी स्वच्छ होतं. थोडं थोडं दिलं असतं तर सगळी जगली असती. आणि मी वर बाटल्यांनी आणखी पाजायला लावलं होतं.

मागे आवाज वाढत होते.

"आधी नगं म्हनत हुता पाजायला. काठी आडवी घातली हुती. म्या सोता बघितलं."

"म्हंजे ठावं हुतं त्याला पान्यात काय हाय ते."

"मग डाक्टरीणबाईनंच जोर केला तवा सोडलं."

झुंबरबाई मेलेल्या करडांच्या रांगेपाशी बसली होती. तिनं मान वर केली. "सिदा," तिनं हाक मारली. सकाळी मारली होती तशीच, बारीक आवाजात. "एवढ्यासाठी बोलावलंस का रं मला?"

सिदातात्या हौदापाशी गेला, ओंजळ भरली आणि सगळ्यांसमोर प्यायला. परत भरली, परत प्यायला. पाणी दाढीवरून सदऱ्यावर गळलं. "बघा," तो म्हणाला. "हे बघा, पितुया म्या."

"मानसाला काय हुतंय त्या औषदानं," मागून कुणीतरी म्हणालं. "शेरडाचं जीव ते केवढं."

मी नळ्या हातात घेऊन उभी होते. दहा पावलं पुढे जायचं होतं आणि बोलायचं होतं. तात्या बरोबर होते, मी चुकले, हे पाण्यानं झालं, माझ्या शब्दानं झालं. एवढंच. माझी जीभ उचलली नाही. पंचवीस माणसं होती, संतापलेली. मी एकटी बाई, परगावची. नोकरीचं पहिलं वर्ष. ही कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी फक्त एवढंच होतं, की ते सगळे त्याच्याकडे बघत होते आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

तलाठी आले. पंचनामा झाला. मृत्यूचं कारण लिहायच्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. पवारमामा शेजारी वाकून म्हणाले, "विषबाधेचा संशय लिहा मॅडम. नमुने जातील तपासणीला. काय निघायचं ते निघेल." त्यांना काही माहीत नव्हतं. ते मला सांभाळून घेत होते.

मी लिहिलं: 'विषबाधेचा संशय. नमुने तपासणीसाठी पाठविण्यात येत आहेत.' खाली सही केली. उन्हं ओढ्यापलीकडे उतरली होती.

चौथ्या दिवशी पवारमामांनी सांगितलं, सिदाच्या तळ्याचा कागद कुणीतरी विळ्यानं चिरला. तळाशी पसरलेलं ते प्लास्टिक या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडलं. होतं तेवढं पाणी जमिनीत गेलं. पंधरा दिवसांत डाळिंबाची पानं गळाली. त्याच्याकडे वस्तीवरचं कुणी जाईना. त्याच्या बायकोला विहिरीवर कुणी कळशी लावू देईना.

जुलैच्या शेवटी प्रयोगशाळेचा अहवाल आला. 'कोणताही विषारी पदार्थ आढळून आला नाही.' मी तो दोनदा वाचला. त्यावर वरिष्ठ कार्यालयासाठी पत्र जोडलं, जावक क्रमांक टाकला आणि प्रत फाइलला लावली. वस्तीवर कुणी विचारायला आलं नाही, मी सांगायला गेले नाही. रोज वाटायचं, उद्या जाऊ. आता त्यांचं निवळलं असेल. आता पाऊस झालाय. आता सुगी आहे.

दिवाळीनंतर पवारमामा म्हणाले, "सिदा भाऊबीजेला बहिणीच्या दारात गेला होता. एक गाभण पाठ घेऊन. दाराच्या मेढीला बांधली आणि उभा राहिला. ही बाहेर आली नाही. दुपारपर्यंत उभा होता म्हणे. मग तो गेला. हिनं पाठीचं दावं कापलं आणि हाकलली. ती गेली आपली ओढा ओलांडून परत."

"मामा," मी म्हटलं, "त्यांना सांगायला पाहिजे."

"काय सांगायचं?"

"अहवालाचं."

"कागदावर कुणाचा विश्वास बसतो मॅडम? तुम्ही तोंडानं सांगितलं तर बसेल." ते माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मी टेबलावरचं रजिस्टर पुढे ओढलं.

माघात सिदातात्या वारला. वाळलेली डाळिंबं तोडत होता. छातीत कळ आली, झाडाच्या बुंध्याला टेकून बसला तो तसाच. झुंबरबाई मातीला गेली नाही. ओढ्याच्या अलीकडून तिला धूर दिसला असेल.

जूनमध्ये माझी बदली झाली. पवारमामा तोवर निवृत्त झाले होते. सामान बांधून झाल्यावर मी एकटी एसटीनं फाट्यापर्यंत गेले आणि तिथून वस्तीवर चालत गेले. पिशवीत अहवालाची प्रत होती.

झुंबरबाई दारात हुलगे पाखडत होती. वाघर गुंडाळून भिंतीला लावलेलं. वाचलेली शेरडं तिनं त्याच पंधरवड्यात बाजारात नेली होती. मला बघून तिनं गोणपाट पुढे सरकवलं. "बसा बाई. लई दिसांनी."

मी बसले. कसं सुरू करायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरले.

"मावशी, ते विष नव्हतं."

सूप हलत राहिलं.

"तात्यांच्या पाण्यात काही नव्हतं. चांगलं पाणी होतं. शेरडं चार दिवस तहानलेली होती. अशा शेरडाला एकदम पोटभर पाजलं की त्याचं रक्त पातळ होतं आणि फुटतं. तेच लघवीतून येत होतं. तात्या म्हणाले ते खरं होतं. मी त्यांचं ऐकलं नाही."

सूप थांबलं. हुलग्याचे दोन-चार दाणे घरंगळत माझ्या पायाशी आले.

"नुसत्या पान्यानं?"

"नुसत्या पाण्यानं."

"आन मागनं बाटलीनं पाजलं ते?"

"ते मी सांगितलं होतं. त्यानं जास्तच झालं. चूक माझी आहे मावशी. सगळी माझी."

ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. "तुमी सांगितलं. पाजलं म्या. तोंड फिरवत हुती ती. म्या जबडं दाबून पाजलं." मग म्हणाली, "थोडं थोडं पाजावं, हे मला ठावं न्हवतं व्हय? एकाच बापाची लेकरं आमी. बापूच्या काठीम्होरं म्याबी उभी हायलीया की शेरडं आडवाया. पर त्या दिशी वाटलं, ह्यो माझ्याशी पान्याचा हिशेब करतोय."

मी पिशवीतून अहवाल काढला. तिला वाचता येत नव्हतं. तो माझ्या हातातच राहिला. शिव्या येतील, ती अंगावर धावेल, रडेल, असं धरून मी आले होते. त्यातलं काही झालं नाही. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"तुमास्नी हे कवा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. हातातल्या कागदावर जुलैची तारीख होती. तसं म्हटलं असतं तरी उशीरच झाला होता.

"त्याच दिवशी," मी म्हटलं. "संध्याकाळी. पंचनाम्याच्या आधी."

तिचे ओठ नुसते काहीतरी मोजल्यासारखे पुटपुटले. जेठ, आखाड, श्रावण, असं माघापर्यंत.

"तवा सिदा हुता की वो बाई," ती म्हणाली.